डोक्यावरून नेलेलं डिझेल

माझं लग्न दुष्काळात झालं. अक्षता होत्या, सनई होती, पण वऱ्हाडाला प्यायला पाणी टँकरचं होतं. जेवणानंतर पाहुण्यांनी हात धुतले ते घमेल्यावर, आणि ते घमेलं सासूबाईंनी स्वतः उचलून दारातल्या गाईपुढे ठेवलं. नगरला वाढलेली मुलगी मी. वडील शाळेत शास्त्र शिकवायचे, घरात नळ होता. तिसगावपासून अडीच कोसांवरच्या त्या वस्तीवर मी पाऊल टाकलं आणि ते घमेलं बघूनच मला कळलं की इथे सगळंच नव्याने शिकायला लागणार आहे.

घरात माणसं चार. सासरे, सासू, माझे मालक आणि मी. आमच्याकडे सासऱ्यांना मामंजी म्हणतात आणि सासूला आत्याबाई. मामंजी उंच, सडपातळ, कमी बोलणारे. आत्याबाई बुटक्या, ठणठणीत आणि दोघांच्या वाटचं एकट्या बोलणाऱ्या. मला भाकरी थापता यायची नाही, परातीतून तव्यावर जाईपर्यंत तिचे दोन तुकडे व्हायचे. गाईला हात लावला की ती लाथ झाडायची. डोक्यावर एक हंडा घेतला तरी मान लटपटायची, मग दोनाची गोष्टच सोडा. शेजारणी विचारायच्या, "सून कशी हाय?" आत्याबाई म्हणायच्या, "शिकल्याली हाय. शिकंल हळूहळू."

दुष्काळाआधी दावणीला सहा बैल होते म्हणे. मी आले तेव्हा चार उरले होते, आणि उन्हाळा सरेपर्यंत दोन. कडबा संपला होता. बाकीचे कुठे गेले हे मामंजींनी कधी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. पुढच्या वर्षी पाऊस झाला, छान झाला, पण रानं पडलेली आणि बैल एकच जोडी. गावात सगळ्यांची तीच गत. नदीच्या पलीकडे आमचं अठरा एकर काळं रान होतं. एका जोडीनं ते पेरून व्हायचं म्हणजे पेरणीजोगा वाफसा उडून गेला असता.

मग ट्रॅक्टर आला. उसाच्या पट्ट्यात मामंजींचे एक साडू होते. त्यांनी नवा घेतला आणि जुना आमच्याकडे दिला. लाल रंग उडून गुलाबी झालेला, एका चाकाचा मडगार्ड चेपलेला, पण आवाज असा की वस्तीवरच्या कोंबड्या तीन दिवस अंडी घालायच्या विसरल्या. आत्याबाईंनी त्याला कुंकू लावलं, चाकाखाली नारळ ठेवला, आणि मग कमरेवर हात ठेवून लेकाला विचारलं, "ह्यो खातो काय?"

"डिझेल."

"कुठं मिळतं?"

"तिसगावला, पंपावर."

"म्हंजी ह्याचा चारा रोज तिसगावास्नं आनायचा?"

तो प्रश्न खराच होता. ट्रॅक्टर तिसगावला नेऊन टाकी भरायची म्हटलं तर जाण्यायेण्यातच बरंच डिझेल जळायचं. म्हणून साडूंनी ट्रॅक्टरबरोबर दोनशे लिटरचं एक रिकामं लोखंडी बॅरल दिलं होतं. त्याला वस्तीवर सगळे टिपाड म्हणायचे. ते टिपाड बैलगाडीत घालून मालक तिसगावला गेले आणि दिवस कलताना भरून आले. आमच्या उरलेल्या दोन बैलांनी ट्रॅक्टरचा चारा ओढून आणला, हे बघून मामंजी पहिल्यांदा हसलेले मला दिसले.

भरलेलं टिपाड गाडीतून उतरवणं हा एक सोहळाच होता. गाडीच्या मागे दोन फळ्या तिरप्या लावल्या, खाली जुना टायर टाकला. शेजारच्या वस्तीवरचे दोघे-तिघे आले. सगळे एकाच वेळी सूचना देत होते. "धर", "सोड", "तुझ्याकडं घे", "अरं पाय काढ!" टिपाड गडगडत आलं, टायरवर धप्पकन आदळलं, उसळलं आणि तुळशीवृंदावनाच्या वीतभर अलीकडे थांबलं. आत्याबाईंनी डोळे मिटून घेतले होते, ते मग उघडले. टिपाड उभं करून अंगणातच ठेवलं. वर झाकणाला एका कडेला मोठं बूच, ते पान्यानं फिरवून काढायचं.

आता त्यातलं डिझेल ट्रॅक्टरच्या टाकीत घालायचं कसं? टिपाड काही कुणाला उचलून ओतता येत नाही. साडूंनी सांगितलं होतं, रबरी नळी आत सोडायची, दुसरं टोक तोंडात धरून ओढायचं, डिझेल आलं की नळी खाली डब्यात सोडायची, मग आपोआप येत राहतं. हे काम मामंजींनी स्वतःकडे घेतलं. "पोराला नगं. त्याच्या पोटात गेलं तर काय करता?" असं म्हणून ते उकिडवे बसले, टोपी मागे सारली, नळी तोंडात धरली आणि उसाचा रस प्यावा तसं ओढलं.

एकदा ओढलं, काही नाही. दुसऱ्यांदा, काही नाही. तिसऱ्यांदा त्यांनी जीव लावून ओढलं, आणि डिझेल आलं ते थेट घशात. मामंजी उभे राहिले. नळी हातातून सुटून सापासारखी अंगणात फिरली. ते एका दिशेला, आत्याबाई दुसऱ्या दिशेला. "गूळ आन! कांदा आन! अगं पानी!" त्यांनी चुळा भरल्या, गूळ खाल्ला, कांदा फोडून चावला. त्यानंतर दोन दिवस त्यांना ढेकर आली की आख्ख्या घराला ट्रॅक्टर आल्यासारखं वाटायचं.

हा प्रकार दर तीन-चार दिवसांनी व्हायला लागला. चौथ्या की पाचव्या वेळेला मी दाराआड उभी होते. मामंजींनी नळी ओढली, गाल फुगले, डोळे विस्फारले, आणि मला हसू आवरलं नाही. पदर तोंडात कोंबला तरी फस्सकन बाहेर पडलं. 

"कोन हासलं?" मामंजींनी विचारलं.

त्या काळी सून सासऱ्यांशी समोरासमोर बोलत नसे. मला तिथे येऊन वर्ष उलटलं होतं आणि आमचं एक वाक्यही थेट झालं नव्हतं. मी दारातून पुढे झाले, पदर नीट केला आणि आत्याबाईंकडे बघून म्हणाले, "आत्याबाई, मामंजींना सांगा, तोंड लावायची गरज नाही."

मामंजी माझ्यापासून चार हातांवर उभे होते. आत्याबाई त्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "ती म्हनतीया, त्वांड लावायची गरज न्हाई."

"आयकलं मी. मग कसं करायचं म्हनावं?"

आत्याबाई माझ्याकडे वळल्या. "कसं करायचं म्हनत्यात."

मी पुढे गेले. नळी उचलली आणि बुचाच्या भोकातून सगळीच्या सगळी आत सोडली, गुंडाळून, फक्त वीतभर टोक हातात ठेवलं. आतली नळी डिझेलनं भरू दिली. मग टोकावर अंगठा घट्ट दाबला आणि तसाच दाबून ठेवून नळी हळूहळू बाहेर ओढली. एक टोक आत बुडालेलंच ठेवलं आणि माझ्या हातातलं टोक टिपाडातल्या डिझेलच्या पातळीपेक्षा खाली, डब्यात नेलं. अंगठा काढला. डिझेलची धार लागली. गुलाबी ट्रॅक्टर, बैल, कोंबड्या सगळे आहेत तिथेच होते, पण मला वाटलं की हे वर्षभरात मी या घरात नीट केलेलं पहिलं काम.

मामंजी वाकून बघत राहिले. डबा भरत आला तसा मी पुन्हा अंगठा लावला. धार थांबली. काढला, सुरू झाली. त्यांनी स्वतः दोनदा करून बघितलं. मग सरळ माझ्याकडे बघून म्हणाले, "पोरी, हे तुला आदीपास्नं ठावं हुतं?"

"व्हय," मी म्हणाले. 'व्हय' हा शब्द माझ्या तोंडून तेव्हा पहिल्यांदा आला.

"आन मला चार येळा पिऊ दिलंस!"

आत्याबाई खाली बसल्या आणि हसायला लागल्या. त्या हसताना आवाज करत नसत, नुसत्या हलत. त्या खूप वेळ हलत होत्या. मामंजींनी खिशातून टिपाडाचा पाना काढला आणि माझ्या हातात ठेवला. "आजपास्नं टिपाड तुज्याकडं."

त्या दिवसापासून आम्ही एकमेकांशी थेट बोलायला लागलो. मी बांबूची एक सरळ काठी घेऊन तिच्यावर विळ्यानं खुणा केल्या. काठी बुचातून आत बुडवली की किती डिझेल उरलंय ते कळायचं. ओतताना नरसाळ्यात मामंजींच्या जुन्या धोतराचं फडकं घालायचं, म्हणजे कचरा वर राहतो. हाताला वास राहायचा. राखेनं घासले, चिंचेनं घासले, तरी जायचा नाही. माझ्या भाकऱ्या तोवर जमायला लागल्या होत्या, पण जेवताना मालक हळूच म्हणायचे, "आज भाकरी कुठल्या गिअरमध्ये भाजली?"

भादव्यात एक चूक झाली, आणि ती माझीच. टिपाड अंगणात उभं होतं. दोन दिवस झड लागली होती. वरच्या झाकणावर, कडेच्या आत पाणी साचलं होतं, मी ते पुसून काढलं आणि डिझेल भरून दिलं. अर्ध्या तासानं ट्रॅक्टर फटफट करत रानात बंद पडला. किती केलं तरी चालू होईना. मालक सायकलवर तिसगावला जाऊन मिस्त्रीला घेऊन आले.

मिस्त्री म्हणजे तेलकट खाकी चड्डीतला, पन्नाशीचा, अतिशय सावकाश बोलणारा माणूस. त्यानं फिल्टरखालचा स्क्रू सैल केला, वाटीत थोडं डिझेल घेतलं आणि उन्हात धरलं. वाटीच्या तळाशी पाण्याचे मणी फिरत होते.

"टिपाड कुठं ठेवता?"

"अंगणात. पण बूच घट्ट असतं," मी म्हणाले. "पान्यानं आवळते."

त्यानं माझ्याकडे बघितलं, मग मालकांकडे. विचारलं कुणी आणि उत्तर दिलं कुणी, हे त्याला समजत नव्हतं. पण माणूस मोठा चांगला. म्हणाला, "बाई, टिपाड श्वास घेतं. दिवसा तापलं की आतली हवा भाईर, सांजच्याला गार झालं की भाईरची आत. वर पानी साचलेलं असलं तर हवेच्या जागी ते पानीच आत वढतं. बूच कितीबी आवळा."

मला हे इतकं आवडलं की चूक माझी होती हे मी विसरूनच गेले. वडिलांनी वर्गात शिकवलेलं सगळं या एका वाक्यात होतं. मग तो सांगत गेला आणि मी ऐकत गेले. टिपाड छपराखाली ठेवा. तळाला एका बाजूनं वीट लावा, बूच येईल उंच बाजूला, म्हणजे चुकून पाणी पडलं तरी बुचापाशी साचणार नाही. नळी तळाला टेकवू नका, पाणी आणि गाळ खाली बसतो. नळीला काठी बांधून ती तळापासून चार बोटं वर ठेवा. नवीन डिझेल आणलं की एक रात्र निवळू द्या, मग काढा.

ट्रॅक्टर सुरू करताना मिस्त्रीला मदतीला माणूस हवा होता. मालक स्टार्टरपाशी बसले, म्हणून खाली मीच उभी राहिले. इंजिनावरच्या डिझेल पंपाच्या बाजूला एक छोटी कळ होती. ती अंगठ्यानं खालीवर करायची. फिल्टरवरचा स्क्रू सैल असतो, त्यातून आधी फेस येतो, बुडबुडे येतात. "नळीत हवा हाय तवर इंजन चालत न्हाई," तो म्हणाला. "बुडबुडं संपूस्तवर दाबत ऱ्हावा. निवळ धार आली की स्क्रू आवळा." मी दाबत राहिले. निवळ धार आली. इंजिन धडाडलं.

संध्याकाळी आम्ही टिपाड गोठ्यात हलवलं. दावणीच्या चार जागा रिकाम्या होत्या. त्यातल्या एका जागी ते ठेवताना मामंजी जरा थांबले, त्या खुंट्यावरून एकदा हात फिरवला, आणि मग स्वतःच वीट आणून खाली लावली. वरून गोणपाट टाकलं. आत्याबाई येता-जाता बघून म्हणायच्या, "ह्यो एक बैल बरा, श्यान काढाया लागत न्हाई."

हस्ताचा पाऊस त्या वर्षी मनासारखा झाला. रान भिजलं, दोन दिवस ऊन पडलं आणि वाफसा आला. माती हातात घेऊन दाबली की लाडू व्हायचा आणि सोडली की सुटायची. ज्वारी पेरायची हीच वेळ. मालक ट्रॅक्टर घेऊन नदीपलीकडे गेले, पुढे ट्रॅक्टरनं फण मारून माती मोकळी करायची आणि मागून बैलांच्या पाभरीनं पेरणी. बैलजोडी आणि पाभर घेऊन आमचा सालगडी गेला होता. दोघंही तिकडच्या खोपीतच राहिले. मी टाकी काठोकाठ भरून दिली होती आणि दुसऱ्या दिवशी सालगडी बैल परत आणणार होता आणि मामंजी गाडीतून टिपाडच पलीकडे नेणार होते.

सकाळी उठून बघतो तर नदी लाल. आमच्याकडे पावसाचा थेंब नव्हता, पण डोंगराकडे कोसळला असणार. दुपारपर्यंत पाणी कमरेवरून मांडीपर्यंत उतरलं, पण गाडीची उतरणच वाहून गेली होती. आणि तशीही गाडी जाणार कशी? गाडी अलीकडे, बैल पलीकडे.

आम्ही काठावर उभे होतो. पलीकडून ट्रॅक्टरचा आवाज येत होता. मग आवाज अडखळला, दोनदा खोकला आणि बंद झाला. थोड्या वेळानं मालक काठावर आले आणि दोन्ही हात वर करून ओरडले, "संपलं!"

मामंजींनी आकाशाकडे बघितलं. ऊन कडक होतं. "दोन दिस असं ऊन पडलं तर वरची वल जाईल," ते म्हणाले. "पानी पुरतं उतराया दोन दिस लागतील."

आत्याबाई म्हणाल्या, "डोक्यावरनं न्या की."

"काय?"

"डिझेल. आमी दुष्काळात दीड कोसावरनं पानी आनलं डोक्यावर. ह्ये तर नदीपल्याड न्यायचंय."

त्या तिथूनच शेजारच्या रानाकडे बघून ओरडल्या. आमच्याकडे खुरपायला येणाऱ्या चौघी तिथे शेंगा काढत होत्या. चौघी आल्या. त्यातली सगळ्यात उंच, हनुवटीवर गोंदलेली, ऐकून म्हणाली, "ट्रॅक्टरला पानी पाजायचं म्हना की." आणि चौघी हसल्या.

घरात होते नव्हते ते पत्र्याचे डबे काढले. पाच निघाले. मी गोठ्यात बसून अंगठ्यानं धार लावत एकेक डबा भरला, काठोकाठ नाही, चार बोटं कमी. पाण्यातून चालताना हिंदकळणार होतंच. उंच बाईनं सवयीनं कडुनिंबाची डहाळी मोडली आणि डब्यात टाकायला गेली. पाण्याच्या हंड्यात डहाळी तरंगत ठेवली की पाणी सांडत नाही.

"नको नको! पानं आत जातील," मी ओरडले.

"मग सांडंल की वो बाई."

आत्याबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, पाच वाट्या घेऊन आल्या. एकेक वाटी एकेका डब्यात तरंगत ठेवली. "घ्या. आता हिंदकळत न्हाई आन घानबी जात न्हाई." वाट्या जेवणाच्या होत्या. त्या नंतर जेवायला कधीच वापरता आल्या नाहीत, पण त्या क्षणी आत्याबाईंनी त्याचा विचारही केला नाही.

मामंजी म्हणाले, "एक डबा मी घेतो." त्यांनी टोपीवर चुंबळ ठेवली, डबा चढवला, पाच पावलं टाकली आणि डबा कलला. खांद्यावरून धार खाली आली. आत्याबाईंनी डबा धरला. "आवं, तुमच्या डोक्यावर कदी हंडा थांबलाय का? तुमी दोर धरा."

तर अशी आमची रांग निघाली. पुढे मामंजी, कमरेला दोर बांधून. त्यांनी अलीकडच्या बाभळीला एक टोक बांधलं, पाण्यातून पलीकडे जाऊन दुसरं टोक तिकडच्या बाभळीला आवळलं. मग लुगडी खोचून आत्याबाई आणि चौघी, डोक्यावर डबे, एक हात दोरावर. सगळ्यात मागे मी. माझ्या डोक्यावर डबा द्यायचं धाडस कुणी केलं नाही. माझ्याकडे नरसाळं, धोतराचं फडकं आणि पान्यांची पिशवी. पाणी गार होतं आणि तळाची वाळू पायाखालून सरकत होती. मधोमध गेल्यावर उंच बाई मान न हलवता म्हणाली, "डोळं कुणी खाली करू नका गं, नदी वर बघतीया." सगळ्यांना इतकं हसू आलं की पाच डबे एकाच वेळी थरथरले. "हासवू नगंस, मेले!" आत्याबाई ओरडल्या आणि त्याच सगळ्यात जास्त हलत होत्या. आत वाट्या टणटण वाजत होत्या.

एक थेंब सांडला नाही. मामंजींचा खांदा सोडला तर.

पलीकडे मालकांनी डबे उतरवून घेतले. मी नरसाळ्यात फडकं घातलं आणि टाकी भरली. मालकांनी स्टार्टर मारला. इंजिन फिरलं, पण धरलं नाही. पुन्हा मारला. बॅटरीचा आवाज जड झाला.

"बॅटरी आता एकदाच लागंल," ते म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "मिस्त्रीला आणायला लागणार."

मिस्त्री आणायचा म्हणजे नदी, मग अडीच कोस, मग परत. तो दिवस गेलाच.  चौघी बांधावर टेकल्या. आणि मला ते बुडबुडे आठवले.

"अहो, थांबा. टाकी कोरडी पडली ना, नळीत हवा गेली असेल."

"तुला जमंल?" मालकांनी विचारलं.

"बघितलंय मी. केलंयही."

ते खाली उतरले आणि बाजूला झाले. मी पदर कमरेला खोचला, फिल्टरवरचा स्क्रू शोधला, पाना लावला. सासरे, सासू, मालक, सालगडी आणि चार बाया माझ्या बोटांकडे बघत होते. स्क्रू चुकून जास्त सैल झाला असता तर मातीत पडला असता. तो दोन आटे फिरवला आणि कळ दाबायला लागले. आधी काहीच नाही. मग सुस्स करून हवा. मग फेस. अंगठा दुखायला लागला, दुसरा अंगठा लावला. फेस, बुडबुडे, पुन्हा फेस. उंच बाई मागून म्हणाली, "उतू चाललंय वाटतं." आणि मग बुडबुडे थांबले. स्क्रूच्या कडेनं निवळ, सोनेरी डिझेल वाहायला लागलं. मी स्क्रू आवळला.

"आता मारा."

मालकांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि स्टार्टर मारला. इंजिन कण्हलं, एक काळा ढग सोडला, आणि सुरू झालं. त्या आवाजानं सगळं शिवार भरलं. चौघींनी टाळ्या वाजवल्या. सालगड्यानं टोपी उडवली आणि ती नांगरटीत हरवली. मामंजी तोंडानं काही बोलत होते पण आवाजात ऐकू येत नव्हतं. मी जवळ गेले तेव्हा कळलं, ते नुसतं "भले! भले!" म्हणत होते.

मालकांनी वाकून विचारलं, "हे शाळेतलं शास्त्र का?"

"नाही. मिस्त्रीचं."

तेवढ्यात आत्याबाई ट्रॅक्टरपाशी येऊन उभ्या राहिल्या. "मला बसीव," त्या लेकाला म्हणाल्या. "डिझेल मी आनलंय." त्यांना चेपलेल्या मडगार्डवर बसवलं. दोन्ही हातांनी पकडून, ताठ बसून, त्या रानाच्या पार टोकापर्यंत गेल्या आणि वळून परत आल्या. फणाच्या दोन ओळी आत्याबाईंच्या देखत पडल्या. उतरल्यावर त्यांचे दात वाजत होते. "हाडं खिळखिळी झाली," असं म्हणाल्या आणि लगेच विचारलं, "आता परत कदी?"

त्या दिवशी संध्याकाळी आणखी एक खेप झाली, दुसऱ्या दिवशी दोन. तिसऱ्या दिवशी दुपारी अठरा एकराचा शेवटचा कोपरा पेरून झाला. नदी उतरली, बैल गाडीला जुंपता आले, पण तेव्हा टिपाड नेण्याची गरजच उरली नव्हती. आम्ही सगळ्यांनी बांधावर बसून पिठलं-भाकरी खाल्ली. सगळ्यांच्या हातांना तोच वास होता, त्यामुळे कुणाला काहीच वेगळं लागलं नाही.

ज्वारी आली. वर्षभरापूर्वी भेगा पडलेल्या त्या काळ्या रानात माणूस उभा राहिला तर दिसत नव्हता, इतकी वाढली. पौषात हुरडा धरला तेव्हा मामंजींनी त्या चौघींना आणि त्यांच्या घरच्यांना आवतण दिलं. गोवऱ्यांची आगटी पेटवली, कणसं भाजली. आत्याबाई गरम कणीस तळव्यावर चोळून हिरवे टपोरे दाणे सगळ्यांपुढे टाकत होत्या, सोबत लसणाची चटणी आणि गूळ. कुणी नदीत कोण किती घाबरलं होतं त्याच्या नकला करत होतं. मामंजींच्या खांद्याची गोष्ट उंच बाईनं तीनदा सांगितली आणि तिन्ही वेळा ते हसले.

निघताना सगळे ट्रॅक्टरमागे जोडलेल्या, साडूंकडून मागून आणलेल्या ट्रॉलीत चढले. मालक सीटवर बसायला गेले तर मामंजी म्हणाले, "आज तिला बसू दे."

"मला येत नाही," मी म्हणाले.

"चारा घालाया येतो, हवा काढाया येती, मग हाकाया का येनार न्हाई? पयल्या गिअरात चालीव. हा चालंल बाजूनं."

मी बसले. मालकांनी क्लच दाखवला, गिअर टाकून दिला आणि खाली उतरले. मी क्लच इतका झटक्यात सोडला की ट्रॉलीतली सगळी माणसं एकमेकांवर पडली आणि त्यांच्या हसण्यात इंजिनाचा आवाज बुडाला. मग ट्रॅक्टर सावकाश चालायला लागला. मालक स्टिअरिंगच्या बाजूनं, एक हात मडगार्डवर ठेवून, जवळजवळ पळत होते. "सरळ धर, सरळ! खाली बघू नको, लांब बघ." नदीच्या पात्रात आता घोट्याएवढं पाणी होतं. पुढची चाकं त्यात उतरली, दोन्ही बाजूंना पाणी उडालं, मालक भिजले. मागून आत्याबाईंचा आवाज आला, "आगं, जरा जोरात चालीव की!"